घरातले हायड्रोजन पेरॉक्साइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली बहुतेक घरांत कुणाचा तरी गुडघा फुटला म्हणून येते आणि जखम सुकल्यावर कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते. माझ्या मते या औषधाचा आपण उलटा उपयोग करत आलो आहोत. जखमेवर त्याची फारशी गरज नसते, तिथे ते हमखास ओतले जाते; आणि न्हाणीघरातल्या टाइल्सच्या फटी, भाजी चिरण्याचा पाट, उशीच्या अभ्र्यावरचा रक्ताचा डाग, जिथे ते खरोखर उत्तम काम करते, तिथे ते कुणाला आठवत नाही. घरोघरी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे नेमके काय?

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत ऑक्सिजनचा आणखी एक अणू असतो. ऑक्सिजनच्या या दोन अणूंमधला बंध कमकुवत असल्यामुळे हा रेणू सहज मोडतो आणि समोर येणाऱ्या पदार्थाचे, मग तो जंतू असो वा डागातले रंगद्रव्य, ऑक्सिडीकरण करतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८१८ मध्ये बेरियम पेरॉक्साइडपासून ते प्रथम तयार केले आणि त्याला ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ असे नाव दिले. फ्रेंच भाषेत ते आजही याच नावाने ओळखले जाते. काम झाल्यावर मागे उरते ते केवळ पाणी आणि ऑक्सिजन, म्हणून क्लोरीनच्या ब्लीचनंतर घरभर जो उग्र वास रेंगाळतो तो याच्या वापरानंतर येत नाही.

बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ किंवा ‘६ टक्के’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर घरातल्या बहुतेक चुका टळतील, म्हणून ते जरा सविस्तर देतो. ‘व्हॉल्यूम’ हा आकडा त्या द्रावणातून किती ऑक्सिजन सुटू शकतो हे सांगतो. २० व्हॉल्यूमचे एक लिटर द्रावण पूर्णपणे विघटित झाले तर त्यातून सुमारे २० लिटर ऑक्सिजन वायू बाहेर पडतो. टक्केवारीत मांडायचे तर १० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ३ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. प्रयोगशाळेत वापरतात ते ३० टक्क्यांचे द्रावण १०० व्हॉल्यूमच्या आसपास असते आणि त्वचेवर पडताच भाजते.

घोटाळा असा होतो की इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात आणि तिथल्या दुकानात सर्रास मिळणारी बाटली ३ टक्क्यांची असते. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी बाटली पुष्कळदा ६ टक्क्यांची, म्हणजे दुप्पट तीव्रतेची असते. ‘थेट बाटलीतून वापरा’ असा सल्ला वाचून आपण तसेच केले, तर सांगणाऱ्याच्या मनात होते त्याच्या दुप्पट तीव्रतेचे औषध आपण हिरड्यांना किंवा कानाला लावलेले असते. त्यामुळे बाटली हातात घेतली की आधी लेबलवरचा आकडा वाचावा. आकडा पुसट झाला असेल किंवा लेबलच निघून गेले असेल, तर ती बाटली शरीरासाठी वापरू नये.

६ टक्क्यांचे द्रावण घरी पातळ कसे करावे?

६ टक्क्यांच्या एका वाटीत एक वाटी पाणी घातले की ३ टक्के होते आणि तीन वाट्या पाणी घातले की दीड टक्का होते. पाणी उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे घ्यावे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोहाचे कण यांमुळे द्रावण लवकर निकामी होते. मापासाठी काचेचे, चिनी मातीचे किंवा स्वच्छ प्लास्टिकचे भांडे वापरावे. तांब्या-पितळेचे भांडे मुळीच घेऊ नये, कारण तांबे या द्रावणाच्या विघटनाचा वेग वाढवते. त्या वेळेपुरते लागेल तेवढेच पातळ करावे. उरलेले पुन्हा मूळ बाटलीत ओतू नये.

त्यातून फेस का येतो? फेस आला म्हणजे जंतू मरत आहेत असे समजावे का?

असे समजू नये. या द्रावणाबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज हाच आहे. आपल्या रक्तात आणि जवळपास प्रत्येक जिवंत पेशीत कॅटॅलेज नावाचे विकर असते. शरीरात नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या पेरॉक्साइडची विल्हेवाट लावणे हे त्याचे काम. बाहेरून पेरॉक्साइड टाकले की हेच विकर त्याचे झपाट्याने पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते, आणि सुटणारा ऑक्सिजन फेसाच्या रूपाने दिसतो. म्हणजे तो फेस आपल्याच पेशींनी औषधाचा केलेला निचरा असतो.

हे पाहायचे असेल तर बटाट्याची एक कच्ची चकती कापून तिच्यावर दोन थेंब टाकावेत. क्षणभर काहीच होत नाही, मग कापलेल्या भागावर बारीक मोहरीएवढे बुडबुडे उमटतात आणि अर्ध्या मिनिटात पांढऱ्या फेसाचा गोळा तयार होतो. तोच बटाटा उकडून घेतला तर फेस येत नाही, कारण उष्णतेने विकर नष्ट झालेले असते. बटाट्यावर आलेल्या फेसाचा जखमेच्या जंतूंशी काही संबंध नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की जखमेवरच्या फेसाकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहतो. जुनी बाटली अजून कामाची आहे का हे तपासण्यासाठीही ही बटाट्याची परीक्षा उपयोगी पडते.

खरचटले किंवा कापले तर जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावावे का?

साध्या घरगुती जखमेवर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि आजचे वैद्यकीय मतही याच बाजूला झुकलेले आहे. आमच्या पिढीच्या लहानपणी खरचटले की आई कापसाचा बोळा भिजवून फेस थांबेपर्यंत जखम पुसत असे. जितका फेस जास्त तितके औषध चांगले लागू पडले असे मानले जाई. त्या मायेबद्दल मनात कृतज्ञताच आहे, पण ती पद्धत आता सोडायला हवी. पेरॉक्साइड जंतू आणि आपल्या पेशी यांत भेद करत नाही. जखम भरून काढणाऱ्या, नवी त्वचा विणणाऱ्या पेशींनाही ते इजा करते आणि रोज लावत राहिले तर जखम भरायला उशीर होतो.

साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली काही मिनिटे धरावी, आजूबाजूची त्वचा सौम्य साबणाने धुवावी, माती किंवा खडीचे कण राहिले असतील तर ते काढावेत, स्वच्छ फडक्याने टिपून त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि पट्टी बांधावी. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हाच मार्ग सुचवते. खोल जखमेत, दाताच्या मुळाशी झालेल्या पोकळीत किंवा गळवाच्या आतल्या भागात पेरॉक्साइड पिचकारीने कधीही सोडू नये. बंद जागेत सुटलेला ऑक्सिजन रक्तवाहिनीत शिरून जिवावर बेतू शकते. कुत्रा चावला असेल तर जखम साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. बाटली शोधण्यात वेळ घालवू नये.

मग ते सफाईसाठी कुठे वापरावे? आणि नुसते फवारून पुसले तर चालते का?

निर्जीव पृष्ठभागांसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हे भरवशाचे जंतुनाशक आहे. जिवाणू, विषाणू आणि बुरशी या तिन्हींवर ते काम करते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसला ३ टक्क्यांच्या द्रावणाने निष्क्रिय करायला ६ ते ८ मिनिटे लागतात असे नमूद केले आहे. फवारले आणि लगेच फडक्याने पुसले, तर त्या पुसण्याने मळ जाईल, पण जंतू मारण्याचे काम अर्धवट राहील. पृष्ठभाग किमान १० मिनिटे ओला राहील इतके फवारावे आणि मग पुसावे.

दुसरी अट अशी की आधी घाण काढलेली असावी. ओट्यावर सांडलेली आमटी, बेसिनचा तेलकट थर, फरशीवरची माती यांच्यावर पेरॉक्साइड आपली सगळी शक्ती खर्च करते आणि खालच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून साबणपाण्याने धुणे पहिले आणि पेरॉक्साइड नंतर, हा क्रम बदलू नये. दाराच्या कड्या, फ्रिजचे हँडल, विजेची बटणे (फडके ओले करून, बटणावर थेट फवारून नव्हे), कचऱ्याचा डबा, कमोडची बैठक या जागांसाठी ते सोयीचे आहे. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणि सिरॅमिकच्या टाइल्सवर ते निर्धास्त वापरता येते. संगमरवर, कोटा आणि शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि बाटलीतले द्रावण टिकाऊपणासाठी किंचित आम्लधर्मी ठेवलेले असते, त्यामुळे या दगडांवर ते साचू देऊ नये. चकाकी जाण्याची शक्यता असते.

पावसाळ्यात न्हाणीघरात आणि भिंतीवर येणाऱ्या काळ्या बुरशीवर याचा उपयोग होतो का?

टाइल्सच्या फटींवरच्या बुरशीवर होतो आणि चांगला होतो. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई-कोकणातल्या न्हाणीघरांत पांढऱ्या सिमेंटच्या रेघा काळपट हिरव्या पडतात. त्या रेघा आधी कोरड्या ब्रशने घासून घ्याव्यात, ३ टक्क्यांचे द्रावण त्यांवर सढळ हाताने फवारावे, १०-१५ मिनिटे थांबावे आणि जुन्या टूथब्रशने पुन्हा घासून पाण्याने धुवावे. फवारल्यावर रेघेतून फसफसल्याचा अगदी बारीक आवाज येतो आणि काळ्या ठिपक्यांच्या कडेने पांढरी किनार उमटते. जुनाट डाग एका दमात जात नाहीत, दोन-तीन दिवस हेच करावे लागते. खिडकी उघडी ठेवावी आणि हातात रबरी मोजे घालावेत.

भिंतीच्या ओलीची गोष्ट वेगळी आहे. प्लास्टरच्या आत मुरलेल्या बुरशीपर्यंत फवारा पोहोचत नाही आणि गच्चीतून किंवा पाइपातून पाणी झिरपत असेल तोवर ती पुन्हा येणारच. तिथे आधी गळती बंद करून घ्यावी. चामड्याच्या चपला, पट्टे, पर्स यांवरच्या बुरशीसाठीही पेरॉक्साइड वापरू नये, कारण त्याने चामड्याचा रंग उडतो.

कपड्यांवरचे कोणते डाग याने निघतात?

रक्ताचा डाग हा त्यातला सर्वांत खात्रीचा. डाग ताजा असताना आधी गार पाण्याने धुवावा. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्याला चिकटतात. मग ३ टक्क्यांचे द्रावण डागावर थोडे थोडे टाकावे, फेस आला की टिपून घ्यावे आणि फेस येणे जवळजवळ थांबेपर्यंत हे करावे. मासिक पाळीच्या दिवसांत चादरीला किंवा अंतर्वस्त्रांना लागलेले डाग काढण्याचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही, आणि त्याबद्दल घरात मोकळेपणाने सांगितले जात नाही म्हणून तो इथे मुद्दाम लिहीत आहे.

हळदीच्या डागासाठी थोडा धीर धरावा लागतो. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले आणि साबण लावला की डाग एकदम लालभडक होतो. बरेच जण इथे घाबरतात. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात लाल होते इतकेच. धुतल्यावर ते पुन्हा पिवळे दिसते. साबणाने तेलकटपणा काढून टाकावा, मग ३ टक्के पेरॉक्साइडने डाग ओला करावा आणि कपडा तासभर उन्हात ठेवावा. ऊन स्वतःच कर्क्युमिनचा रंग उडवते आणि पेरॉक्साइड त्याला साथ देते.

पांढऱ्या शर्टाच्या काखेतले घामाचे पिवळे डाग आणि कॉलरची काळी रेघ यांसाठी दोन चमचे ३ टक्के पेरॉक्साइड, एक चमचा खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब एकत्र करून लावावेत, अर्ध्या तासाने धुवावे. हे मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि उरले तर टाकून द्यावे. मी एकदा उरलेले मिश्रण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवले होते. सकाळी बाटलीचा तळ फुगून गोल झालेला होता आणि झाकण सैल करताच सगळा फेस हातावर आणि भिंतीवर उसळला. सोड्यामुळे पेरॉक्साइड लवकर फुटते. ६ टक्क्यांच्या १०० मिलीलिटर द्रावणातून सुमारे दोन लिटर ऑक्सिजन सुटतो, हा हिशेब लक्षात घेतला तर ती बाटली का फुगली हे सहज कळते.

सुती कापड पांढरे करण्यासाठी प्रक्रिया कारखान्यांतही हायड्रोजन पेरॉक्साइडच वापरतात, आणि तिथल्या कामगारांना ठाऊक असलेली एक गोष्ट घरीही लक्षात ठेवण्याजोगी आहे: कापडावर गंजाचा कण असेल तर त्या जागी पेरॉक्साइड अतिशय जोराने काम करते आणि कापडाला बारीक भोके पडतात. म्हणून गंजाच्या डागावर ते लावू नये. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत एक थेंब टाकून पाहावा. पैठणी, रेशमी आणि लोकरी कपड्यांपासून ते दूरच ठेवावे. जरीत धातू असतो आणि रेशमाचा तलमपणा एकदा गेला की परत येत नाही.

पोळपाट, चिरण्याचा पाट, टूथब्रश आणि भाज्या यांसाठी वापरता येते का?

लाकडी पाटावर मांस किंवा मासळी कापली असेल तर तो साबणाने धुऊन त्यावर ३ टक्क्यांचे द्रावण १० मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुऊन उभा करून वाळवावा. पोळपाटासाठीही तेच. टूथब्रश अर्धा तास बुडवून ठेवला आणि नंतर नीट धुतला तर हरकत नाही, पण दर तीन-चार महिन्यांनी नवा ब्रश घेणे अधिक चांगले. बिडाचा तवा, लोखंडी कढई, तांब्या-पितळेची भांडी यांना ते लावू नये. भाज्या आणि फळे धुण्यासाठी वाहते पाणी आणि हाताने चोळणे पुरेसे आहे.

दूध टिकावे म्हणून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याचा प्रकार भेसळीत मोडतो आणि आपल्याकडे त्याला परवानगी नाही. घरातही असा प्रयोग कुणी करू नये.

कोणकोणत्या गोष्टींत ते मिसळू नये?

व्हिनेगर, क्लोरीनचे ब्लीच, अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव आणि कमोड धुण्याचे आम्लयुक्त द्रव यांपैकी कशातही मिसळू नये. व्हिनेगरबरोबर एकाच बाटलीत ठेवल्यास पेरॲसिटिक आम्ल तयार होते आणि त्याने डोळे, नाक आणि घसा चुरचुरतो. ब्लीचबरोबर ते जोराने फसफसते, उष्णता आणि ऑक्सिजन सोडते आणि झाकण लावलेले भांडे फुटू शकते. वर दोन्हीची शक्ती वाया जाते ती वेगळीच. ‘दोन औषधे एकत्र केली की दुप्पट स्वच्छता’ हा समज सफाईच्या बाबतीत धोकादायक आहे. एक वापरून झाले की पाण्याने धुवावे आणि मगच दुसरे वापरावे.

तोंड आले, हिरड्या दुखल्या किंवा तोंडाला वास येत असेल तर याने चूळ भरावी का?

दीड टक्क्याच्या द्रावणाने, म्हणजे ६ टक्क्यांचा एक भाग आणि तीन भाग पाणी या प्रमाणात, अर्धा ते एक मिनिट चूळ भरून पूर्ण थुंकून टाकता येते आणि नंतर साध्या पाण्याने तोंड धुवावे. हे चार-पाच दिवसांपुरते ठीक आहे. रोजची सवय लावली तर तोंडातल्या नाजूक त्वचेची आग होते आणि काहींच्या जिभेवर काळपट, केसाळ दिसणारा थर चढतो. वापर थांबवल्यावर तो जातो. ज्या मुलांना चूळ न गिळता थुंकता येत नाही, त्यांना हे देऊ नये. आठवडाभरात बरे वाटले नाही तर दंतवैद्यांना दाखवावे, कारण हिरड्यांतून रक्त येण्याचे मूळ बहुधा दातांवरच्या कीटणात असते आणि ते चुळीने निघत नाही.

याने दात पांढरे होतात का?

होतात. दातांचा रंग उजळवण्याच्या बहुतेक उपचारांत हेच किंवा यापासून बनवलेले कार्बामाइड पेरॉक्साइड असते. पण युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली दात उजळवण्याची उत्पादने फक्त दंतवैद्यांमार्फत आणि १८ वर्षांवरील व्यक्तींनाच देण्याचा नियम केला आहे, यावरून या कामात किती काळजी लागते हे कळावे. मेडिकलच्या बाटलीतले द्रावण आणि सोडा यांची पेस्ट करून रोज दात घासल्यास दातांना ठणका लागतो आणि हिरड्या पांढऱ्या पडून सोलतात. बसवलेले कृत्रिम दात आणि भरलेले सिमेंट यांचा रंग याने बदलत नाही, त्यामुळे बाजूचे दात उजळून ते अधिकच वेगळे दिसू लागतात.

कानातला मळ काढण्यासाठी काही थेंब टाकावेत का?

३ टक्क्यांच्या द्रावणाने मळ मऊ होतो हे खरे आहे आणि कानात येणारा चुरचुर आवाजही निरुपद्रवी असतो. परंतु कानाचा पडदा फाटलेला आहे की नाही हे घरी कळत नाही. कान वाहत असेल, दुखत असेल, पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर एक थेंबही टाकू नये. इतरांनीही कानाच्या डॉक्टरांनी एकदा तपासल्यावरच टाकावे. ६ टक्क्यांचे द्रावण कानात कधीच नाही.

केस रंगवणे आणि चेहऱ्याचे ब्लीच यांत हेच असते ना? मग मेडिकलची बाटली वापरली तर काय बिघडले?

केसांच्या रंगाबरोबर येणाऱ्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडच असते आणि १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम हे आकडे ब्यूटी पार्लरमध्ये रोजच्या बोलण्यात असतात. पण डेव्हलपर हे मलमासारखे घट्ट असते, लावले तिथेच राहते. मेडिकलचे पाण्यासारखे द्रावण कपाळावरून डोळ्यांत ओघळते आणि केसांत जागोजागी असमान उतरते. ज्यांनी धातूचे क्षार मिसळलेली काळी मेंदी लावली असेल त्यांनी अधिक जपावे, कारण असे क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले की केस तापतात आणि तुटतात.

चेहऱ्यावरची लव सोनेरी दिसावी म्हणून केले जाणारे ब्लीच कोपराच्या आतल्या बाजूला आधी २४ तास तपासल्याशिवाय लावू नये. त्वचा गोरी करण्यासाठी किंवा मुरुमांवर पेरॉक्साइड लावणे मला अजिबात मान्य नाही. मुरुमांवर वापरतात ते बेंझॉइल पेरॉक्साइड हे वेगळे औषध आहे. नावातल्या साम्यामुळे होणारा हा गोंधळ नेहमीचा आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स याच बाटलीतल्या द्रावणात ठेवता येतील का?

नाही. लेन्ससाठी मिळणाऱ्या पेरॉक्साइडच्या संचात खास डबी असते; तिच्यातला प्लॅटिनमचा लेप असलेला भाग किंवा दिलेली गोळी काही तासांत सगळे पेरॉक्साइड निष्प्रभ करते. ती क्रिया पूर्ण होण्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर बुबुळ भाजते.

ते पाण्यातून प्यायल्याने किंवा वाफेतून घेतल्याने शरीराला ऑक्सिजन मिळतो, हे खरे आहे का?

हे पूर्णपणे चुकीचे आहे आणि कुणी सांगितले तर त्यांना तिथेच थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. करोनाच्या साथीत नेब्युलायझरमधून पेरॉक्साइड ओढण्याचे सल्ले फिरू लागले तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेतील दमा आणि ॲलर्जीवरील संस्थेला जाहीर इशारा द्यावा लागला होता. फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांना त्याने इजा होते. ‘फूड ग्रेड’ म्हणून विकले जाणारे ३५ टक्क्यांचे द्रावण तर थेंब थेंब पाण्यात घालूनही पिऊ नये. त्याच्या अवघ्या ३० मिलीलिटरमधून साडेतीन लिटरांहून अधिक वायू सुटतो. तो पोटात मावत नाही, रक्तात शिरतो आणि मेंदूपर्यंत गेला तर पक्षाघातासारखी स्थिती होते.

चुकून गिळले, डोळ्यात गेले किंवा हातावर सांडले तर काय करावे?

३ टक्क्यांचा एखादा घोट गेला तर बहुधा मळमळ होते, पोट फुगते, ढेकर येतात. तोंड धुवावे, थोडे पाणी प्यावे, उलटी मुद्दाम काढू नये आणि डॉक्टरांना फोन करावा. लहान मूल असेल, प्रमाण जास्त असेल किंवा द्रावण अधिक तीव्र असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना टक्केवारी कळेल. डोळ्यात उडाल्यास पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे नळाच्या मंद धारेखाली डोळा धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

बोटांना लागल्यावर त्वचा खडूसारखी पांढरी पडते आणि टोचल्यासारखे वाटते. त्वचेच्या वरच्या थरात ऑक्सिजनचे सूक्ष्म बुडबुडे अडकल्याने असे दिसते; पाण्याखाली हात धरावा, तास-दोन तासांत रंग पूर्ववत होतो. फोड आले तर मात्र तो भाजल्याचा प्रकार समजून डॉक्टरांना दाखवावे.

बाटली कशी ठेवावी आणि किती दिवस टिकते?

मूळ बाटलीतच, अंधाऱ्या आणि गार जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. प्रकाश, उष्णता आणि अगदी बारीक कचरा यांनीही ते हळूहळू पाणी होत जाते, म्हणून त्याची बाटली तपकिरी किंवा अपारदर्शक असते. गॅसजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची चूक तर कधीच करू नये. पाण्यात आणि त्यात डोळ्यांना काही फरक दिसत नाही. फवाऱ्याची गरज असेल तर मूळ बाटलीच्या तोंडालाच बसणारे फवाऱ्याचे झाकण लावावे किंवा गडद रंगाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव, टक्केवारी आणि भरल्याची तारीख लिहून चिकटवावी.

न उघडलेली बाटली लेबलवरच्या तारखेपर्यंत चांगली राहते. सील तोडल्यावर काही महिन्यांत तिचा जोर ओसरू लागतो. बटाट्याच्या चकतीवर फेस आला नाही, तर त्या बाटलीत आता जवळजवळ पाणीच आहे असे समजावे आणि ती बेसिनमध्ये नळ सुरू ठेवून ओतून द्यावी.